वाचकांचे प्रश्न : बिघाड तोच, मग पिल्लू खुजं का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.ला आहे. तिच्या पुस्तकात उंदराच्या ‘आयजीएफ-२’ या जनुकाबद्दल वाचलं. बिघडलेली प्रत बापाकडून आली तर पिल्लू खुजं होतं, आईकडून आली तर काहीच होत नाही म्हणे. जनुक तेच, बिघाड तोच, मग फरक कसा? मेंडेलने तर आई-बापात भेद केला नव्हता ना?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : नव्हता, हे खरं. वाटाण्याच्या कोणत्या रोपाचे परागकण घ्यायचे आणि कोणत्या फुलावर घालायचे, याची उलटापालट करून त्याने पाहिलं होतं. निकाल तोच आला. याच भरवशावर मी एकदा चांगली आपटले आहे, म्हणून तुमचा प्रश्न वाचून हसू आलं.

उंदरांच्या जोड्या लावताना रजिस्टरमध्ये मादी आधी लिहायची, मग नर, असा रिवाज असतो. प्रयोगशाळेत मी नवीन होते. बिघडलेली प्रत नराकडे होती आणि मी ती मादीच्या नावावर लिहिली. काय फरक पडतो, असंच वाटलं. पिल्लं झाली आणि त्यातली निम्मी चिमुकली निघाली. आमच्या वरिष्ठांनी रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, मादीला दूध कमी असेल. पण नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसतं. लहान पिल्लांच्या पोटातही ठिपका ठसठशीत होता. तरी आम्ही खाद्य बदललं, तूस बदललं, रोज सकाळी वजनं घेतली. शेवटी कोणीतरी पिंजऱ्यावरचं कार्ड वाचलं. तिथे जोडी बरोबर लिहिलेली होती. दीड महिना वाया गेला आणि मला जे ऐकावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही.

गंमत अशी की हे जनुक पहिल्यांदा निकामी करणारेही असेच चक्रावले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डिकिएरा, एफस्ट्रॅटिआडिस आणि रॉबर्टसन यांनी १९९० मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली, दुसरी धडधाकट. तरी पिल्लं नेहमीच्या सुमारे ६० टक्केच वजनाची. बाकी अंगानं ठीक, पुढे त्यांना पिल्लंही होत, फक्त आकार लहान. मग त्यांनी जोड्या उलट लावल्या, बिघडलेली प्रत मादीकडून दिली. सगळी पिल्लं नेहमीच्या आकाराची! १९९१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : गर्भाच्या बहुतेक सगळ्या भागांत आईकडून आलेली प्रत मुळातच गप्प असते. चालते ती बापाची. म्हणून आईची बिघडली काय, न बिघडली काय, सारखंच.

आता हे जनुक करतं काय? त्यावरून जे प्रथिन बनतं ते नावाप्रमाणे (आयजीएफ म्हणजे ‘इन्सुलिन-लाइक ग्रोथ फॅक्टर’) इन्सुलिनसारखं दिसतं, पण गर्भात त्याचं काम वाढीचं. पेशीच्या बाहेरून ते एका ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आत निरोप जातो आणि पेशी वाढते, विभागते. उंदरात जन्मानंतर ते जवळजवळ थांबतं, त्यामुळे जे कमी पडलं ते पोटातच कमी पडलं. मागून कितीही दूध पाजा, भरून येत नाही.

प्रत गप्प कशी बसते, याला तुमच्याकडचंच उदाहरण देते. पाटाच्या वरच्या अंगाला ‘एच-१९’ नावाच्या शेजारच्या जनुकाचं शेत आहे, मग दार, आणि दाराच्या पलीकडे आयजीएफ-२. डीएनएच्या या पट्ट्यात जनुकांना चालू करणारं पाणी एच-१९च्या बाजूनेच येतं. आईच्या प्रतीवर ‘सीटीसीएफ’ नावाचं प्रथिन दार लावून बसतं, सगळं पाणी एच-१९ला. शुक्राणू तयार होताना मात्र त्या दाराच्या जागेवर मिथाइल या छोट्याशा रासायनिक गटाचे बारीक शिक्के बसतात. सीटीसीएफला तिथे बसताच येत नाही, दार उघडं राहतं आणि पाणी पलीकडे पोचतं. डीएनएचं अक्षर एकही बदललेलं नसतं, फक्त वर शिक्का असतो.

आई मात्र स्वस्थ बसत नाही. १९९१ मध्येच डेनिस बार्लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ‘आयजीएफ-२-आर’ हे जनुक उलटं आहे, चालतं ते आईचं. त्याचं प्रथिन आयजीएफ-२ला पकडून पेशीच्या कचरापेटीत टाकतं. आईकडून ते आलं नाही तर पिल्लू जरुरीपेक्षा मोठं होतं आणि बहुधा जन्माच्या सुमारास मरतं. आयजीएफ-२ही काढून टाकलं तर मात्र जगतं. उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड हेग यांची मांडणी अशी की ही गर्भातल्या खाण्यावरून आई-बापाच्या जनुकांतली ओढाताण आहे : बापाच्या जनुकांना हे पिल्लू धष्टपुष्ट हवं, आईला पुढच्या वेतांसाठीही शिल्लक ठेवायचं आहे. मला ही मांडणी पटते, पण वर्गात सांगताना लोक तिचा कौटुंबिक तमाशा करतात ते आवडत नाही. उंदराला यातलं काही ठाऊक नसतं.

माणसातही आयजीएफ-२ बापाचंच चालतं. आईची प्रतही जागी झाली तर बाळ जन्मतःच मोठं, जीभ मोठी, मूत्रपिंडाच्या गाठीचा धोका वाढलेला, असा बेकविथ-वीडेमान नावाचा विकार होऊ शकतो.

शेवटी मुलीसाठी गृहपाठ. बापाकडून बिघडलेली प्रत मिळालेली एक खुजी मादी घ्या आणि धडधाकट नराशी तिची जोडी लावा. बीजपेशी तयार होताना जुने शिक्के पुसले जातात आणि स्वतःच्या लिंगाप्रमाणे नव्याने ठरतात, एवढं ध्यानात ठेवून पिढ्या काढायला सांगा. तिची पिल्लं नेहमीच्या आकाराची निघतील. त्यातल्या बिघडलेली प्रत असलेल्या एका मुलाची जोडी लावली की खुजी पिल्लं परत येतील, साधारण निम्मी. आणि जोडी लिहिताना मादी आधी.