वाचक विचारतात : आधी कॅमेरा काय रेकॉर्ड करतो ते बघा, मग पीसीचे पार्ट निवडा

प्रश्न – मी मिरजेत लग्नाचं फोटो-व्हिडिओचं काम करतो. कॅमेरा सोनीचा ए७ फोर, शूट फोर-के, टेन बिट ४:२:२ ला, एडिटिंग प्रीमियरवर. आत्ताच्या पीसीवर क्लिप टाइमलाइनवर टाकली की अडकत अडकत चालते, रात्र रात्र प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) बनवण्यात जाते. काम उरकल्यावर व्हॅलोरंट आणि सायबरपंक पण खेळायचंय. दुकानदारानं कोटेशन दिलंय : आय५-१४४००एफ, डीडीआर५ रॅमचा बी७६० मदरबोर्ड, १६ जीबीची एक रॅम, आरटीएक्स ४०६० आठ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ जीबी एसएसडी आणि एसएमपीएससकट (वीजपुरवठ्याच्या डब्यासकट) कॅबिनेट. जुन्या पीसीत १६-१६ च्या दोन डीडीआर४ रॅम आहेत, त्या विकून टाकू का? – एक वाचक, मिरज

उत्तर – रॅम अजिबात विकू नका दादा, त्याच्याकडे येतोच, पण आधी तुमची क्लिप का अडकते ते समजून घ्या कारण सगळं कोटेशन त्याच्यावरच फिरणार आहे. फोनचा, यूट्यूबचा व्हिडिओ असतो ४:२:० चा, त्यात रंगाची माहिती बरीच कमी साठवलेली असते. तुम्ही ४:२:२ शूट करता ते बरोबरच आहे, हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ग्रेडिंगमध्ये ओढला तरी फाटत नाही. पण ही फाइल उलगडायला चिपमध्ये वेगळं सर्किट लागतं आणि ते आरटीएक्स ४०६० मध्ये नाहीये. ३० सिरीजमध्ये पण नव्हतं, एनव्हिडियानं ते २०२५ मध्ये ५० सिरीजला दिलं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला, म्हणजे क्विक सिंकला, एच.२६५ ह्या फॉरमॅटचं ४:२:२ अकराव्या जनरेशनपासून जमतं. आता कोटेशनमधलं १४४००एफ बघा, त्या ‘एफ’चा अर्थच हा की आतलं ग्राफिक्स बंद. म्हणजे जे तुम्हाला सगळ्यात जास्त हवंय ते कार्डातही नाही आणि प्रोसेसरमध्येही नाही, एवढे पैसे घालून तुम्ही परत प्रॉक्सीच बनवत बसाल. हे कोटेशन फक्त गेम खेळणाऱ्या पोरासाठी ठीक आहे, तुमच्यासाठी नाही.

मी काय घेईन सांगतो. प्रोसेसर आय५-१४५००, एफ नसलेला. १४ कोर आहेत, आणि आतल्या ग्राफिक्सला व्हिडिओची दोन इंजिनं आहेत, १४४०० ला एकच असतं. कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. इथे डोळ्यात तेल घालून बघा, ह्याच नावानं ८ जीबीचं पण कार्ड मिळतं आणि बॉक्स दिसायला सारखाच असतो, आकडा स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. व्हॅलोरंटला आठ पुरे आहेत पण फोर-के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावलं, वर दोन-तीन लेयर आले की आठ जीबी कधी भरली कळत पण नाही.

तुम्ही म्हणाल कार्डच ४:२:२ उलगडतंय तर मग प्रोसेसरमधलं ग्राफिक्स कशाला. एक तर उद्या कार्ड वॉरंटीला गेलं की पंधरा-वीस दिवस गेले, ऐन सीझनमध्ये तेवढे दिवस पीसी बंद ठेवणं परवडत नाही, आतल्या ग्राफिक्सवर काम चालू तरी राहतं. दुसरं म्हणजे दोघं मिळून काम वाटून घेतात. फक्त पीसी आल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) आयजीपीयू, म्हणजे आतल्या ग्राफिक्सचं, मल्टी-मॉनिटर चालू करा, बऱ्याच बोर्डांवर कार्ड लावलं की आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं आणि दुकानात कोणी सांगत नाही. मग टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसले पाहिजेत. क्लिप प्ले करा आणि व्हिडिओ डीकोडचा, म्हणजे फाइल उलगडण्याचा, ग्राफ बघा, कुठल्याही एकाचा वर चढला म्हणजे जिंकलात, दोन्हीकडे शून्य आणि सीपीयू शंभरावर असेल तर काहीतरी चुकलंय. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत फाइल फॉरमॅट काय ठेवलाय ते पण आजच बघून ठेवा : एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५, आणि एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४. एच.२६४ चं टेन बिट ४:२:२ ह्या इंटेलला जमत नाही, ५० सिरीजच्या कार्डला जमतं, म्हणूनच कार्डावर मी अडून बसलोय.

आता रॅम. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की डीडीआर५ ची ३२ जीबी घ्यायची म्हणजे खिसा रिकामा, एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला. तुमच्याकडे ३२ जीबी पडलीय आणि चौदावी जनरेशन डीडीआर४ वर चालते, तर डीडीआर४ वाला बी७६० बोर्ड घ्या आणि तीच लावा, वाचलेले पैसे कार्डात घाला. एक तोटा आहे तो लपवत नाही : ह्या सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे नवीन प्रोसेसर येणार नाहीत, चार-पाच वर्षांनी बदलायचं म्हटलं तर बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावं लागेल. तुमच्या कामाला मला तो सौदा पटतो. बोर्ड हातात आला की बायोस लगेच अपडेट करा, तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या चिप खराब व्हायच्या त्यावर इंटेलनं ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्ती दिलीय, ती बायोसमधूनच येते.

एसएसडी निदान १ टीबी एनव्हीएमई, ५१२ दोन लग्नांत भरेल.

एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट आलेला घेऊ नका, हात जोडून सांगतो. माझ्या मावसभावाच्या पीसीत तसलाच होता, वर ५०० वॅट छापलेलं, पावसाळ्यात लाइट जाऊन आली आणि तो उडाला, जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला, त्यात एका कुटुंबाच्या लग्नाचं सगळं फुटेज होतं. दुसरी कॉपी नव्हती. चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा वेगळा घ्या आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा : मीटरवर फेज-अर्थिंग २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्ट, ह्याच्यापेक्षा फार वेगळं दिसलं तर आधी अर्थिंग, मग पीसी.

प्रश्न – ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकतोय. एनव्हिडियाच्या कार्डाच्याच पैशात एएमडीचं रेडिऑन कार्ड जास्त दमदार मिळतंय, घेऊ का? – एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर – गेमसाठी विचारलं असतंस तर लगेच हो म्हटलं असतं. पण सायकल्सचं, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनचं, काम एनव्हिडियावर त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रामुळे फार पटकन होतं, रेडिऑनवर एएमडीच्या एचआयपी तंत्रानं चालतं पण तेवढ्या वेगात नाही. जुन्यातलं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बिलासकट मिळालं तर शिकायला ते छान आहे. सीन कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे, वेग नंतर.

प्रश्न – मुलगा अकरावीत आहे, डिझाइन शिकायचंय म्हणतो आणि गेमही. एवढ्यात ग्राफिक कार्ड परवडणार नाही. – एक आई, नाशिक

उत्तर – ताई, कार्डाशिवाय पण चालतं. रायझन ५ ८६००जी प्रोसेसर घ्या, आतलं ग्राफिक्स व्हॅलोरंट, जीटीए ५ आरामात चालवतं, फोटोशॉपही. फक्त रॅम १६ ची एक न घेता ८-८ च्या दोन घ्या, कारण हे ग्राफिक्स रॅमवरच जगतं, एकच लावली तर गेम सरळ रडायला लागतो. दुकानदार ८५००जी देतो म्हणाला तर नको म्हणा, त्याला कार्डासाठी चारच लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत आणि पुढे पैसे साठले की मुलगा कार्ड लावणारच.