हॉस्पिटलच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये नवीन आहेस ना, मग हे ऐक
अगं, पहिल्या महिन्यात एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) नियमांचे 10 चॅप्टर पाठ करत बसू नकोस, ते येतंच हळूहळू, त्यापेक्षा वॉर्डात जा, आणि शक्यतो नाईट ड्युटीला जा, कारण सकाळी राउंडला सगळं चकाचक असतं. क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) उघडून एक्सपायरी बघ, औषधांच्या फ्रीजचं टेंपरेचर 2 ते 8 डिग्री सेल्सिअसमध्ये आहे का बघ, आणि चार्टवर पुढच्या शिफ्टचं रीडिंग आधीच लिहून ठेवलंय का तेही बघ (मला सापडलंय, हसू नको). पोटॅशियम क्लोराईडच्या (चुकून थेट शिरेत गेलं तर जीवघेणं) अँप्यूल साध्या ट्रेमध्ये दिसल्या तर तिथल्या तिथे बोल, रिपोर्टची वाट बघू नको.

पण सिस्टरांवर ओरडायचं नाही हं. मी सुरुवातीला एकीला सगळ्यांसमोर झापलं आणि पुढे कितीतरी दिवस त्या वॉर्डातून एकही इन्सिडेंट फॉर्म आला नाही, चुका थांबल्या नव्हत्या, फक्त लपवायला लागले होते सगळे. आता मी आधी चहा घेते त्यांच्यासोबत, मग विचारते काय झालं.

डॉक्टर लोक "तू नर्सिंगची ना" म्हणून टाळतील, तेव्हा वाद नको, त्यांच्याच युनिटचा इन्फेक्शन रेट समोर ठेव. आणि एक्सेल नीट शिकून घे बाई, लवकर.