आठ महिन्यांच्या मुलीला कमी ऐकू येते असे निदान झाले आहे; दोन वर्षांची होईपर्यंत थांबावे का?

तुम्ही लिहिले आहे की मुलीची बेरा चाचणी (आवाजाला श्रवणाच्या नसा आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) झाली, दोन्ही कानांत सुमारे ७० डेसिबलचा, म्हणजे त्याहून हळू आवाज ऐकू न येण्याइतका, श्रवणदोष निघाला, आणि सासूबाईंसह घरातील सर्वांचे म्हणणे असे की थाळी वाजवली की ती वळून पाहते, तेव्हा दोन वर्षांची होईपर्यंत वाट पाहावी. मी कर्णबधिर बालकांची विशेष शिक्षिका आहे आणि पालकांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. माझे स्पष्ट मत असे की एक महिनाही थांबू नये. श्रवणयंत्रे आताच बसवून घ्यावीत.

जवळ वाजवलेल्या थाळीचा आवाज ७० डेसिबलच्या बराच वर जातो, म्हणून तो तिला ऐकू येतो. शिवाय हाताची हालचाल, सावली किंवा जमिनीचा कंप यांमुळेही बाळे मान वळवतात. याउलट तीन फुटांवरून केलेले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या घरात दिवसभर जे बोलले जाते ते तिच्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. मोठ्याने बोलल्यास स्वर कानी पडतील, पण स, श, फ यांसारखी हलकी व्यंजने तरीही निसटतील, आणि मराठीत ‘जेवला’ व ‘जेवलास’ यांतील फरक अशाच एका व्यंजनावर अवलंबून असतो. ती हुंकार देते, खिदळते, यावरूनही निष्कर्ष काढू नका. पहिल्या काही महिन्यांत ऐकू न येणारी बाळेही असे आवाज काढतात. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ मात्र कानावर बोलणे पडल्याशिवाय वेळेवर येत नाही.

घाई करायला सांगण्यामागे ठोस कारण आहे. मेंदूतील श्रवणाचे मार्ग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक वेगाने घडतात आणि त्या काळात ध्वनी मिळाला नाही, तर नंतर उत्तम यंत्र बसवूनही त्याचा पुरता उपयोग होत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला आणि ज्यांच्या कुटुंबांना लगेच मार्गदर्शन मिळाले, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांची सुरुवात हा दंडक त्यानंतर जगभर रूढ झाला. तुमची मुलगी त्या मुदतीच्या थोडीच पुढे गेली आहे. ती दोन वर्षांची होईपर्यंत थांबलात तर हे अंतर भरून काढणे फार कष्टाचे होईल.

यंत्र बसवल्यावर खरे काम घरी सुरू होते, आणि माझ्या मते यश सर्वांत जास्त त्यावरच ठरते. आंघोळीची वेळ सोडून बाळ जागे असेल तितका सर्व वेळ दोन्ही यंत्रे कानात हवीत. सुरुवातीला ती ओढून काढेल. पातळ सुती टोपी घाला, यंत्राला दोरी लावून ती कपड्याला अडकवा, आणि सेलचे झाकण कुलपाचे मागून घ्या, कारण बटणासारखे सेल गिळले गेल्यास जिवावर बेतू शकते. बाळाचा कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र शिटी वाजवू लागते. अशा वेळी आवाज कमी करून भागवू नका, नवीन साचा करून घ्या, या वयात तो काही महिन्यांनी बदलावा लागतोच. पावसाळ्यात यंत्रे रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. बोलताना तिच्यापासून हातभर अंतरावर, चेहऱ्यासमोर बसा. टीव्ही बंद ठेवा, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना शिकवायला बसू नका. वेगळा अभ्यास नको: वरण भरवताना, लंगोट बदलताना, दारावरची बेल वाजताना जे चालले आहे तेच छोट्या, पूर्ण वाक्यांत सांगा आणि मग थांबा, म्हणजे तिला प्रतिसाद द्यायला जागा मिळेल. एकत्र कुटुंबात सगळे एकदम बोलतात, त्यातून तिला काहीच वेगळे करता येत नाही. एका वेळी एकानेच बोलण्याची सवय घराला लावावी लागेल.

७० डेसिबलच्या दोषात चांगली, नीट जुळवलेली श्रवणयंत्रे बहुधा पुरेशी ठरतात. काही महिन्यांनी लाभ अपुरा वाटला, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या श्रवण उपकरणाचा) विचार करता येईल. दिव्यांगांना साहाय्यक साधने मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यासाठी मदत मिळते. भारतीय सांकेतिक भाषेला घाबरू नका. खुणा शिकल्या तर मूल बोलणार नाही, हा समज निराधार आहे; मूल कोणत्याच भाषेविना वाढणे ही मात्र खरी हानी आहे.

जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत तपासणी आणि मार्गदर्शन मोफत मिळते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. मुंबईजवळ असाल, तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाक् व श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतही जाता येईल. कुठेही गेलात तरी पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या आणि चाचणीचा आलेख त्यांनाच समजावून सांगण्याची विनंती श्रवणतज्ज्ञांना करा. दिवसभर बाळ त्यांच्याजवळ असेल, तर यंत्र कानात राहणे आणि बोलणे सुरू राहणे त्यांच्याच हाती आहे.