वाचक विचारतात: एकही न हरता बाहेर?

प्रश्न: भाचा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शिकतो. म्हणतो, २०२३मध्ये त्यांची अमेरिकन फुटबॉलची टीम सगळे सामने जिंकूनही विजेतेपदाच्या फेरीत घेतली नाही. पोरगा थापा मारतोय का हो?
– एक मामा, गिरगाव

उत्तर: नाही हो मामा, भाचा खरं बोलतोय! १३पैकी १३ जिंकले होते. पण तिथे वरच्या गटात १३०हून अधिक टीम, आणि प्रत्येकीचे नियमित सामने साधारण १२. सगळे सगळ्यांशी खेळणार कधी? आयपीएलसारखा एकच गुणतक्ता नाही. म्हणून तेव्हा १३ जणांची समिती बसून चार टीम निवडायची. नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा जॉर्डन ट्रॅव्हिस, पायाला दुखापत होऊन हंगामाबाहेर गेला. त्याच्याविना ही टीम तीच राहिली नाही, असं समितीचं म्हणणं. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित होते, ते ठीक; पण एकेक सामना हरलेले टेक्सस आणि अलाबामाही आत गेले. मला हे आजही पटत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर निवड समितीचा उद्धार ऐकत वाढलोय मी, पण न हरलेल्याला घरी बसवलेलं तिथेही ऐकलं नव्हतं.

पुढे ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या वेगळ्या सामन्यात जॉर्जिया विद्यापीठाने त्यांना ६३-३ धुतलं. अर्थात बरेच प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते. २०२४पासून चारऐवजी १२ टीम घेतात. त्या हंगामात फ्लोरिडा स्टेटने १२पैकी दोनच सामने जिंकले. भाच्याकडे हा विषय काढू नका.