प्रार्थना कोरडी वाटू लागली तर पाळकांकडे जावे का?

रोज प्रार्थना होते, परंतु शब्द तेच ते आणि मन मात्र कोरडे, तेव्हा पाळकांचे, म्हणजे चर्चमधील धर्मगुरूंचे, मार्गदर्शन घ्यावे का, असे आपण विचारले आहे. अवश्य घ्यावे. मात्र रविवारी उपासना संपल्यावर दाराशी हस्तांदोलन करताना नव्हे, तर आठवड्यातील एखादा दिवस ठरवून, शांतपणे बसून, आपली प्रार्थना नेमकी कोठे अडते ते मोकळेपणाने सांगावे.

तोवर बायबलमधील स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र सावकाश, मोठ्याने वाचून पाहा. अवघ्या 6 वचनांचे हे स्तोत्र ‘किती वेळ’ या व्याकूळ प्रश्नाने सुरू होते आणि परमेश्वराचे गीत गाण्यापाशी येऊन थांबते. देवापुढे केलेली तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच आहे, हे मला तेथेच उमगले. ज्या शब्दाशी मन अडखळेल, तेथे थांबावे, पुढे जाण्याची घाई करू नये.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना आणखी एक ठेवा लाभला आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांच्या चालीत आणली, म्हणून स्वतःचे शब्द आटले की त्यांची एखादी रचना घरी म्हणावी.

चांगला मार्गदर्शक आपल्याबरोबर प्रार्थना करतो, शास्त्रवचन उघडून देतो आणि स्वतःकडे नव्हे, तर ख्रिस्ताकडे नेतो. प्रार्थनेसाठी पैसे मागणाऱ्या किंवा औषधे बंद करायला सांगणाऱ्या व्यक्तीपासून मात्र निःसंकोच दूर व्हावे.