चर्चेतली लबाडी दाखवायची कशी

बेटा,

वेगळ्या विदर्भावरच्या त्या टीव्ही चर्चेबद्दल तू लिहिलेलं वाचलं. राग रास्त आहे. पण पहिल्याच ओळीत वक्त्याला बेईमान म्हणून मोकळं झाल्यावर वाचकाने पुढचं काहून वाचावं? तो शब्द काढ.

आधी पूर्ण कार्यक्रम पाहा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या कापलेल्या क्लिपवर एक ओळही लिहू नको. वक्त्याचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरव, बाजूला मिनिट-सेकंद टाक. अँकरचा प्रश्नही लिहून घे. बरेच जण तो सोडतात आणि खोट नेमकी तिथेच असते. ‘विदर्भाला महाराष्ट्र नकोसा का झाला?’ असं विचारलं की नकोसा झाला हे आधीच ठरलेलं असतं. मग उत्तर काहीही दिलं तरी फसगत.

त्यानंतर मूळ कागद काढ. ‘संविधानाने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी दिलाय’ हे वाक्य आपल्याकडे पारावरही ऐकू येतं. लोकसंख्येच्या प्रमाणाची गोष्ट आहे ती 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात. तो नेत्यांमधला राजकीय करार, आणि त्यातही ‘सरकार एकच, त्याच्या गरजा पाहून’ ही अट आहेच. संविधानाचं कलम 371(2) वेगळं सांगतं. राष्ट्रपती आदेश काढून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या विकास मंडळांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवू शकतात; निधीवाटप न्याय्य हवं, पण संपूर्ण राज्याच्या गरजा पाहून. ही शेवटची अट वेगळा विदर्भ मागणारी आपली माणसं गाळतात. समोरचे ‘सोपवू शकतात’ एवढंच धरून बसतात आणि न्याय्य वाटपाचं नाव काढत नाहीत. मंडळं 1994 मध्ये स्थापन झाली, त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, हे सांगितल्याशिवाय त्या कलमावरची चर्चा अर्धवटच राहते. तू दोन्हीकडची गाळलेली अट छाप, आपल्या बाजूची आधी.

एकदा चुकलेला माणूस लबाड असतोच असं नाही. कागद दाखवला, त्याने तो पाहिला, आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच वाक्य आलं, तर लबाडीबद्दल लिही. दोन्ही तारखा दे.

सरकण्याचा डाव पकडायला अवघड. वक्ता आधी म्हणतो, ‘वऱ्हाडी म्हणजे अशुद्ध मराठी.’ कोणी हटकलं की म्हणतो, ‘मी फक्त पाठ्यपुस्तकाच्या भाषेबद्दल बोलत होतो.’ दुसऱ्या वाक्यावर वाद घालत बसलास तर तो सुटला. दोन्ही वाक्यं वेळेसकट एकाखाली एक ठेव, विशेषण एकही नको. आणि इथे विदर्भातलं महानुभावांचं रिद्धपूर नि लीळाचरित्र हा जुना मराठी ग्रंथ पुढे करून ‘खरी मराठी आमचीच’ असं उत्तर देऊ नको. तो इतिहास मोठा आहे, पण आजच्या बोलीला अशुद्ध म्हणणं चूक का, हे त्याने सिद्ध होत नाही. शिवाय झाडीबोली आणि गोंडी बोलणाऱ्यांना तू त्याच दमात दाराबाहेर उभं करतोस.

मुद्दा टाळायला कोणी ‘तेव्हा कुठे होते?’ असं विचारलं तर एक ओळ पुरे: तेव्हाचं वेगळं लिहू, आज मुद्दा हा आहे.

आडनावावर जाऊ नको. आपल्याकडे आडनावावरून जात काढतात, आणि एकदा जात काढली की तुझं 371(2) कोणी वाचत नाही. शीर्षकात वक्त्याच्या नावाऐवजी दावा लिही.

तक्रार करायची तर चॅनेलकडे लेखी कर: कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, वाक्य, मूळ कागदाची प्रत. केबलवरच्या चॅनेलसाठी 2021 पासूनच्या नियमांनुसार 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय मिळायला हवा. समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत चॅनेलांनीच बनवलेल्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येतं. ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. कार्यक्रम-संहितेतला, म्हणजे टीव्हीवर काय दाखवू नये याच्या सरकारी नियमावलीतला, कोणता नियम मोडला ते लिहावं लागतं. मसुदा झाला की आधी मला पाठव.

तुझा,
गुरुजी