प्लावक बल (बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं ते बल) तीन पद्धतींनी मोजलं तर उत्तरं वेगळी का येतात?

ताणकाटा (ठोकळा पाण्यात किती हलका होतो), तोटीचं भांडं (किती पाणी बाहेर सांडतं) आणि डिजिटल काटा (खालच्या बीकरचा आकडा किती वाढतो), या तिन्हींची उत्तरं जुळत नसतील तर डिजिटल काट्याचं धरा. अ‍ॅल्युमिनियमचा ५० ग्रॅमचा ठोकळा जेमतेम साडेअठरा ग्रॅम पाणी सारतो, म्हणजे बल ०.१८ न्यूटन. ५-५ ग्रॅमच्या रेघांच्या ताणकाट्यावर ते काय कळणार? तोटीच्या भांड्यात पाणी काठाशी फुगून अडतं, शेवटचे थेंब तोटीलाच लटकून राहतात.

मुद्दाम लिहितोय, कारण हाच डिजिटल काट्याचा प्रयोग माझ्या मुलीने विज्ञान प्रदर्शनात मांडला होता. काट्यावर पाण्याचा बीकर, काटा शून्यावर, वर स्टँडला दोऱ्याने टांगलेला ठोकळा. स्टँडचा स्क्रू सैल करून तिने ठोकळा हळूहळू खाली सोडला, तसा आकडा चढत गेला आणि ठोकळा पूर्ण बुडताच १८.५ ग्रॅमवर थांबला. आणखी खाली सोडला तरी हलला नाही. ठोकळ्याला चिकटलेले बुडबुडेसुद्धा तिने पेन्सिलीने झटकले होते. परीक्षक म्हणाले, "बाळ, वस्तू दोऱ्याला टांगलीय, तिचा भार काट्यावर येईलच कसा? काटा बिघडलाय तुझा." आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पोर रडकुंडीला आली.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगची (साच्यात ओतलेल्या भागांची) तपासणी करतो. आत पोकळी राहिलीय का, हे आम्ही कास्टिंग पाण्यात तोलूनच बघतो, घनता अ‍ॅल्युमिनियमच्या २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या बरीच खाली आली की माल बाजूला. त्यामुळे डोकंच फिरलं माझं. पाणी ठोकळ्याला जेवढं वर ढकलतं, तेवढंच ठोकळा पाण्याला खाली ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम, नववीच्या पुस्तकातला. तो समोर घडताना ज्याला ओळखता येत नाही, त्याने परीक्षक होऊ नये.

तुम्हालाही कुणी असं अडवलं तर ठोकळा स्टँडऐवजी ताणकाट्याला टांगा. अर्धा किलोचा घ्या, म्हणजे ताणकाट्यालाही फरक दिसेल. वर जेवढं कमी होतं तेवढंच खाली वाढतं. दोन्ही आकडे परीक्षकांनाच मोठ्याने वाचायला लावा.

फक्त ठोकळा तळाला किंवा बीकरच्या भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर दोऱ्यावरचा भार काट्यावर उतरतो. आणि विटेचा तुकडा घेऊ नका. वीट पाणी पीत राहते आणि आकडा उतरतच जातो.